वरचं एक

ओहोटी लागली की खाडीतले बांबू
गुडघ्यापर्यंत उघडे पडतात,
कमरेला कालवांच्या माळा.
ग्वे-क्याव म्हणाली, बूट काढ,
इथला चिखल बूट परत देत नाही.
काढले.

बारा हवीत, मी म्हटलं, तपासणीला.
तिनं सुरीच्या मुठीनं एकेक वाजवलं,
कलिंगड निवडावं तसं कान देऊन,
आणि पिशवीत तेरा टाकली.
वरचं एक तुला.
तव्यावर परत, वर अंडं फोड.
कसली हडकुळी पोर धाडलीय तैपेहून!

मग एक उघडून दाखवलं.
बिजागरीत टोक, मनगटाची एक पिळणी,
आणि आत हिरवं.
शेवाळाचं नव्हे, कोवळ्या पानाचंही नव्हे.
कल्हई उडालेल्या पातेल्यात
रात्रभर दही राहिलं की कडेनं कळकतं,
ते हिरवं.

पहिल्या वर्षी लोक म्हणाले, जात निराळी असेल.
दुसऱ्या वर्षी माझूदेवीच्या देवळात उदबत्त्या वाढल्या.
व्यापारी आधी भाव पाडायला आला,
नंतर आलाच नाही.
चवीला? मी विचारलं.
जिभेवर नाणं ठेवून बघ, म्हणाली.

पुलाच्या वरच्या अंगाला पत्र्याच्या शेडी आहेत.
तिथे तारांची सालं जाळून तांबं काढतात,
नळांना, कड्यांना, कुलपांना चकाकी चढवतात.
धुतलेलं पाणी कालव्यात,
कालव्यातून खाडीत,
खाडीतून कालवांत.
कालव विचारत नाही कुठून आलास.
दिवसभर पाणी आत घेतं, गाळतं, सोडतं,
आणि जे सोडवत नाही ते पोटात ठेवतं.
पोटात ठेवणाऱ्या बाईला
आमच्याकडे शहाणी म्हणतात.

तिचा मुलगा चुन-ह्योंग त्यातल्याच एका शेडीत आहे,
हे तिनं सांगितलं नाही.
मी हात धुवायला मोरीत गेले
आणि नळ पाहिला.
घराच्या मानानं फारच नवा,
इतका लखलखीत की त्यात माझं तोंड लांबलं.
पोरानं बसवला, ती मागून म्हणाली,
पहिल्या पगारात.
आणि ते उघडलेलं कालव त्याच्याखाली धरून
धूत राहिली,
धूत राहिली,
जसा काही रंग वरचाच आहे.

निघताना विचारलं तिनं,
दुसऱ्या खाडीत नेऊन टांगली तर?
म्हटलं, तांबं सोडतील हळूहळू. काही महिने लागतील.
आणि बाकीचं?
मी बुटांच्या नाड्या बांधत होते.
नाड्या बांधायला मला एवढा वेळ कधी लागत नाही.
म्हणजे विसरतात, ती म्हणाली,
पण सगळं नाही.

प्रयोगशाळेत बाराही सोलली, वजनं केली,
सुकवली, कुटली, आम्लात विरघळवली.
शेवटी बाटलीत उरतं ते नितळ असतं,
पाण्यासारखं.
ज्योतीतून एकेक घोट गेला
आणि यंत्रानं कागद बाहेर काढला.
तांबं. जस्त. तळाशी, बारीक अक्षरात, कॅडमियम.
माझी सही कुठे, ते पेन्सिलीनं कुणीतरी
आधीच टिंब काढून दाखवलेलं.
या सहीनं खाडी बंद होईल.
शेडी? त्यांचं खातं वेगळं,
त्यांचा मजलाही वेगळा.

तेरावं माझ्या घरी, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात,
ओल्या फडक्यात.
त्याला क्रमांक नाही, नोंद नाही.
आज चौथा दिवस.
तव्यावर टाकायचं नाही, कळतं.
टाकून देववत नाही.
मघाशी दार उघडलं तेव्हा शिंपला किंचित फटीला होता.
बोट लावलं तर
मिटला.

अहवालात लिहिलं:
नमुने मिळाले, बारा.